निरोपाचा फेटा उतरल्यावर

३१ मे हा आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात निरोपांचा दिवस. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची जन्मतारीख घरच्यांना सांगता यायची नाही, मग मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या तारखेनं साठ वर्षांचा हिशेब पुरा केला की एकाच दुपारी तालुक्यात कितीतरी डोक्यांना फेटे बांधले जातात. शाल, श्रीफळ, गणपतीची फायबरची मूर्ती, कुंद्याचा बॉक्स. भाषणं ठरलेली. सर निवृत्त होत नाहीत, नुसते नोकरीतून मोकळे होतात. आता नातवंडांत रमा, देवदर्शन करा, तब्येत सांभाळा. मग चहा-फरसाण, ग्रुप फोटो, आणि मूर्ती मांडीवर घेऊन रिक्षानं घरी.

इतक्या समारंभांना बसले, पण 'सर, उद्या सकाळी दहा वाजता तुम्ही कुठं जाणार?' असं एकाही वक्त्यानं विचारलेलं मी ऐकलं नाही.

आपल्याकडं निवृत्तीची तयारी म्हणजे पैशाची तजवीज. तीही आपण अर्धीमुर्धीच करतो, पण ते नंतर. खरी तयारी त्या दहाच्या ठिकाणाची असते, आणि ते ठिकाण घराच्या चार भिंतींत तयार होत नाही. ते गल्लीत, गावात, चार माणसांत तयार करावं लागतं आणि पन्नाशीतच त्याला हात घालावा लागतो. शिवाय ही ज्याची त्याची खासगी बाब आहे असं मी मानत नाही. सीमाभागात मंडळं, वाचनालयं, सोसायट्या, संघटना यांची आपल्याला कधी वाण नव्हती. त्यांनी हा विषय आजवर अंगाला लावून घेतलेला नाही, ही माझी तक्रार आहे.

आधी पैशाचं बोलते, कारण 'ते आमचं झालंय' असं प्रत्येकाला वाटत असतं.

एकाच स्टाफरूममध्ये आता दोन तऱ्हेची माणसं बसतात. कर्नाटक सरकारच्या नोकरीत १ एप्रिल २००६च्या आधी लागलेल्याला जुनी पेन्शन, त्यानंतर लागलेल्याला एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. जुन्या पेन्शनीत शेवटच्या पगारावर आकडा ठरतो, महागाई भत्ता वाढत राहतो, नवरा गेला तर बायकोला फॅमिली पेन्शन. एनपीएसमध्ये जमलेल्या रकमेतली किमान ४० टक्के रक्कम वार्षिकीत, म्हणजे ठरावीक पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत, घालावी लागते आणि त्यातून जे येईल ते येईल, त्याला महागाई भत्ता नाही. तेव्हा 'आमच्या अप्पांचं कसं निभावलं' हे बघून चाळिशी-पन्नाशीतल्या शिक्षकानं आपला हिशेब करू नये. अप्पांचा काळ वेगळा होता.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्डिंगवर उमर घालवलेल्याचं तर विचारूच नका. ईपीएस-९५, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडातल्या कामगारांची पेन्शन योजना, तिचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७०नं भागायचं. पगार १५,०००च्या वर धरत नाहीत. म्हणजे पस्तीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून फार तर साडेसात-आठ हजार, आणि बहुतेकांच्या हातात त्याहून कमीच पडतात, कारण २०१४पर्यंत ही मर्यादा ६,५०० होती. निपाणीत हजार विड्यांमागं ठरलेल्या मजुरीवर विड्या वळणाऱ्या बाईला निरोप समारंभ नसतो. बोटं चालेनाशी झाली की ती निवृत्त. ईपीएसची किमान पेन्शन २०१४पासून १,००० रुपये आहे, तेवढ्यात महिन्याची औषधंही बसत नाहीत. या लोकांना 'आता छंद जोपासा' असं सांगणाऱ्याला मी तरी लांबूनच नमस्कार करते.

ज्यांच्या हातात एकरकमी पैसा येतो त्यांचं काय होतं? माडी होते. बेळगावात हिंदवाडी, भाग्यनगर, अनगोळ अशी एक चक्कर मारा. खाली दोघं म्हातारी, वर कुलूप. मी एका घरात वर गेले होते. ओट्याच्या ग्रॅनाइटवर प्लास्टिकचा कागद तसाच, गिझरवरचा स्टिकर निघालेला नाही, बाल्कनीच्या कोपऱ्यात पारव्यांनी घाण केलेली. मुलगा पुण्याला, दिवाळीत तीन-चार दिवस येतो, आणि आला की खालीच हॉलमध्ये गादी टाकून झोपतो, 'वर कोण एकटं जाणार' म्हणून. ज्यांचे गुडघे दुखतात त्या काकू मात्र महिन्यातून एकदा केर काढायला तो जिना चढतात. ग्रॅच्युइटी गेली त्या जिन्यात. खाली न्हाणीघरात धरायला दांडा नाही, फरशी गुळगुळीत, संडास उकिडवं बसायचा. म्हातारपणी पडायला होतं ते न्हाणीत, आणि त्यासाठी लागणारा खर्च माडीच्या विसाव्या हिश्शाचासुद्धा नाही. पण दांड्याची वास्तुशांत करता येत नाही ना!

दुसरी वाट सोसायटीची, म्हणजे पतसंस्थेची. आमच्याकडं गल्लोगल्ली सोसायट्या. चेअरमन ओळखीचे, पिग्मी गोळा करणारा पोरगा आपलाच विद्यार्थी, आणि व्याज बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त. सगळ्या सोसायट्या बुडतात असं मी म्हणत नाही. कितीतरी नेकीनं चालल्या आहेत. पण एक फरक निवृत्त माणसाला पाठ हवा. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, एका बँकेत एका ठेवीदारामागं ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तिथं तुमची हमी म्हणजे चेअरमनचा चेहरा. साठीनंतर पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यावर पडतं. दोन टक्क्यांच्या मोहापायी सगळी पुंजी ओळखीवर सोपवणं हा भाबडेपणा झाला, आणि हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

घर पोरांच्या नावावर करून द्यायची घाई हाही त्यातलाच प्रकार. 'आज ना उद्या त्यांचंच की' म्हणत बक्षीसपत्र करून टाकतात. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३मध्ये, आईवडिलांना सांभाळायच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडली तर परत मिळवायची सोय आहे, आणि प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढं त्याची दाद मागता येते. पण ती अट दस्तात आली पाहिजे. 'आमचा पोरगा तसा नाही' हे दस्तात लिहिता येत नसतं. त्यापेक्षा मृत्युपत्र बरं. दोन साक्षीदारांसमोर सही, स्टँपपेपरसुद्धा लागत नाही आणि डोळे मिटेपर्यंत घर आपलंच.

पैशाचं एवढं बस. आता दहाच्या ठिकाणाकडं येते.

निवृत्त झाल्यावर पहिले दोन-तीन महिने बरे जातात. राहिलेली लग्नं, पंढरपूर, घराचा रंग, पेन्शनच्या कागदांसाठी ट्रेझरीच्या फेऱ्या. फेऱ्या संपल्या की उदासी सुरू होते. रस्त्यात कोणी भेटून विचारतं, ''काय करूलाय सर आता?'' आणि सर सांगतात, ''काय नाही, बसूलोय.'' हे 'बसूलोय' मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की त्यातला सूर ओळखता येतो. पस्तीस वर्षं ज्या माणसाच्या सहीवाचून फाइल हलत नव्हती, त्याला आता गॅसचा नंबर लावायलासुद्धा कोणी विचारत नाही. मग तो घरात साहेबगिरी करायला लागतो. फ्रीजमध्ये भाजी उलट का ठेवली, दूधवाल्याचं कार्ड कुठं आहे, डाळीला फोडणी एवढी उशिरा का. माझ्या ओळखीच्या एक मावशी म्हणतात तसं, ''त्यांना सुट्टी लागली आणि मला ओव्हरटाइम.''

बायकांचं या बाबतीत बरं असतं हे मी बघत आलेय. बरं म्हणजे सुखाचं नव्हे; त्यांची चूल सुटतच नाही. पण भजनी मंडळ, भिशी, हळदीकुंकू, शेजारणीचं बाळंतपण अशा निमित्तांनी त्यांनी आयुष्यभर माणसं जोडलेली असतात. जून २०२३मध्ये शक्ती योजना आली आणि कर्नाटकातल्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट माफ झालं, तेव्हा साठीच्या पुढच्या बायका सौंदत्तीला, माहेरी, लेकीकडं अशा काही फिरायला लागल्या की घरातले काका बघत राहिले. सोबत निघाले तर काकांना तिकीट काढावं लागतं. पण काकांची अडचण तिकिटाची नाही. ऑफिस सोडून दुसरीकडं कुठं जायची त्यांना सवयच नाही, आणि पुरुषाची दोस्ती बहुतेक वेळा ऑफिसच्या दारातच संपते.

शिकायचंच असेल तर लांब जायला नको. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच आहे. तालुक्यातल्या गावागावांत माजी सैनिक आहेत, आणि त्यातला साधा जवान पंचेचाळिशीच्या आतच घरी येतो. पेन्शन असते, पण पोरं शाळेत, आईबाप थकलेले, आणि पुढं अजून तीस-चाळीस वर्षं. त्याला कोणी 'नातवंडांत रमा' म्हणत नाही. तो बँकेच्या दारावर उभा राहतो, म्हैस घेतो, पोरांना भरतीसाठी पहाटे मैदानावर पळवतो, ग्रामपंचायतीला उभा राहून पडतो आणि पुन्हा उभा राहतो. सगळेच सावरतात असं नाही. दारूत गेलेलेही आहेत. पण हुद्दा सुटल्यावर दुसरं काहीतरी अंगावर घ्यायचंच असतं, हे त्या घरांत गृहीत धरलेलं असतं. मास्तर, क्लार्क, इंजिनिअर यांच्या घरात ते तसं धरलेलं नसतं. आपल्याकडं निवृत्त माणसानं काही केलं तर 'एवढी पेन्शन असताना कशाला मरमर?' असं विचारतात. हा प्रश्न विचारणं पहिल्यांदा बंद झालं पाहिजे.

आता पोरांकडं जाण्याबद्दल. सीमाभागातल्या शिकलेल्या घराचा नकाशा ठरून गेलाय: एक मूल पुण्याला, एक बंगळूरला, घर बेळगावात. निवृत्तीनंतर सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं. नातवंडं लहान आहेत तोवर आजी-आजोबांची गरज असते, आणि ती खरी असते. पण बंगळूरला बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आजोबांना खाली गेटपाशी वॉचमनशी बोलायचं तरी भाषा आड येते. पुण्यात भाषा असते, पण ओळख नसते. 'कुठले तुम्ही, कर्नाटकातले का?' हा प्रश्न ऐकून ज्यानं बेळगावात जन्मभर महाराष्ट्रासाठी घोषणा दिल्या त्याला काय वाटत असेल, ते त्यालाच ठाऊक! माझं मत स्पष्ट आहे. हातपाय चालतात तोवर आपल्या गावात राहावं, पोरांकडं पाहुणा म्हणून जावं. पुणे–हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झाली आहे, ती बेळगावात थांबते. जायचं ठरवलं तर पुणे आता लांब नाही. घर विकून पुण्यात वन बीएचके घेणाऱ्यांनी निदान एक पावसाळा तिथं भाड्यानं राहून बघावं आणि मग सही करावी.

गावात राहायचं तर इथल्या कागदांशी गाठ आहे, आणि कागद कन्नडमध्ये येतो. पेन्शनची पत्रं, घरपट्टीची नोटीस, शेताचा उतारा, हेस्कॉमचं वीजबिल. ज्या भागात १५ टक्के किंवा त्याहून जास्त भाषिक अल्पसंख्याक आहेत तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात, हे देशानं मान्य केलेलं संरक्षण आहे, आणि ते मागत राहिलंच पाहिजे. मी ती मागणी एका इंचानंही मागं घेत नाही. पण पेन्शन चालू राहायला नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो मागणी मान्य व्हायची वाट बघत नाही. शेजारच्या पोराकडून कागद वाचून घेणारा म्हातारा फसवायला सोपा असतो, आणि फसवणारे बहुतेक वेळा मराठीच बोलत येतात. बोलायचं कन्नड आपल्यापैकी बहुतेकांना येतं. अक्षरओळख पंचावन्नाव्या वर्षी दोन-तीन महिन्यांत होते. त्यानं कोणाची मराठी बाटत नाही.

दवाखान्याचंही तसंच. महाराष्ट्र सरकारनं २०२३मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकानं हरकत घेतली, दोन्हीकडं ठळक बातम्या झाल्या. पण छातीत कळ आल्यावर रात्री दोन वाजता आपलं कोणतं कार्ड कोणत्या दवाखान्यात चालतं, याची नीट लिहिलेली यादी किती घरांत आहे? बेळगावात चालतं ते, कोल्हापूर-मिरजेला चालतं ते, आणि कुठंच न चालणारं असे तीन कप्पे करून ती यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दोन राज्यांच्या भांडणात राहणाऱ्या माणसाला हा उद्योग जास्तीचा करावा लागतो.

हे सगळं एकट्यानं करायचं म्हटलं तर अवघड आहे, आणि म्हणूनच संस्थांचा मुद्दा. १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात जी पोरं विशीत होती ती आता साठीला टेकली. सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सुप्रीम कोर्टात आहे. तेव्हा चाळिशीत असलेला कार्यकर्ता आज पेन्शनर आहे. म्हणजे लढ्याची सगळी फळीच निवृत्त होते आहे. या पिढीला काय येत नाही? दारोदार वर्गणी मागता येते, रातोरात पत्रकं वाटता येतात, पोलिसांची परवानगी काढता येते, ती नाकारली तर काय करायचं तेही येतं. येळ्ळूर, कडोली, उचगाव, सांबरा या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, ती कोणाच्या जिवावर? गावातल्या निवृत्त मास्तरांच्या आणि त्यांच्या तालमीत तयार झालेल्या पोरांच्या. मांडव, जेवणावळ, ग्रंथदिंडी, पाहुण्यांची उतरायची सोय, सगळं लोकवर्गणीतून. ज्या गावाला संमेलन भरवता येतं त्याला आपली म्हातारी माणसं सांभाळायची व्यवस्था जमणार नाही, हे मला पटत नाही.

मात्र एक कडू गोष्ट सांगायला हवी. आपल्या पुष्कळ मंडळांत निवृत्त माणूस येतो तो काम शोधायला नव्हे, खुर्ची शोधायला येतो. ऑफिसातली गेली, आता इथली हवी. मग अध्यक्ष पंच्याऐंशीचे, चिटणीस अठ्याहत्तरचे, आणि साठीचा माणूस 'तरुण कार्यकर्ता'. हॉलमध्ये सतरंज्या घालायला कोणी नाही आणि स्टेजवर खुर्च्या पुरत नाहीत. पस्तिशीतली पोरगी काही नवीन सुचवायला गेली तर 'आम्ही सत्तर साली हे करून बघितलंय' म्हणून तिला गप्प करतात. ती पुन्हा येत नाही. संस्थेत जायचं तर हुद्दा दाराबाहेर ठेवून जायला हवं, आणि ते साठीनंतर एकदम जमत नाही. म्हणून म्हणते, नोकरीत असतानाच, जिथं आपल्याला कोणी साहेब म्हणत नाही अशा एखाद्या जागी आठवड्यातून एकदा जायला लागा. वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घाला, तालमीच्या गणपतीत हिशेब लिहा, सरकारी मराठी शाळेत मास्तर कमी पडतात तिथं तास घ्या. काहीही करा, फक्त तिथं तुमच्या सहीला किंमत नसावी.

संस्थांकडून माझी मागणी मोठी नाही. पंचावन्न पूर्ण झालेल्यांना बोलवा. महिन्यातून एक रविवार, वर्षभर. एकदा पेन्शन आणि ठेवी, एकदा मृत्युपत्र आणि उतारा, एकदा औषधं आणि पडणं, चार वेळा कन्नड अक्षरं. नवरा-बायको दोघांनाही बोलवा, कारण फॅमिली पेन्शनचा अर्ज पुढं-मागं बहुधा तिलाच भरायचा असतो आणि पासबुक कुठल्या कपाटात आहे हे तिला आजही माहीत नसतं. स्वयंपाकाचा एक रविवार फक्त पुरुषांसाठी ठेवा. हसू नका, बायको गेल्यावर दोन वेळच्या जेवणासाठी घर सोडून पोरांकडं जावं लागलेले पुरुष आपण सगळ्यांनी बघितलेत. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर बसणाऱ्या बायकांपर्यंत हे न्यायचं तर रविवार वाचनालयात न भरवता त्यांच्या गल्लीत भरवा. कर्नाटक सरकारच्या, पासष्टीनंतरच्या संध्या सुरक्षा पेन्शनीचा अर्ज तिथंच भरून घ्या. त्यांच्यासाठी तीच पहिली तयारी.

एवढं झेपत नसेल तर या नोव्हेंबरपासून प्रत्येक वाचनालयानं हयातीच्या दाखल्याचं एक टेबल लावावं. आता चेहरा दाखवून फोनवर दाखला देता येतो, पण ज्यांच्या हाताला स्मार्टफोन नाही ते अजून बँकेच्या रांगेत उभे राहतात. त्या टेबलावर बसायला गेल्या ३१ मेला निवृत्त झालेल्यांतला एक जण धरून आणावा. सकाळी दहा ते एक. खर्च म्हणाल तर दोन खुर्च्या, एक चालता फोन आणि चहा.